मधली तपासणी

चाकणच्या बसमध्ये दुर्गाबाईंच्या सीटला टेकून ओंकार आणि विजयश्री उभी होती. दोघांच्या गळ्यात एकाच सॉफ्टवेअर कंपनीची ओळखपत्रं.

“विजयश्री, आज चाकणच्या कारखान्यात डेमो आहे. कामगारांच्या मेडिकल रिपोर्टच्या वेब-पत्त्यावरची ती मधली तपासणी काढून टाक. पत्ता टाकला की थेट रिपोर्ट उघडू दे.”

“नाही काढणार, सर.”

“अगं, तिथंच अडकतंय सगळं!”

“क्रम चुकलाय म्हणून अडकतंय. आधी लॉगिन, मग हा रिपोर्ट त्याचाच आहे का ते बघायचं, मग रिपोर्ट. आपण दुसरी पायरी पहिलीच्या आधी लावलीय. माणूस कोण तेच कळत नाही, म्हणून ती सगळ्यांनाच परत पाठवते.”

“डेमोनंतर लाव नीट.”

“नंतर कुणी लावत नाही. पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट उघडेल. कुणाला टीबी आहे, कुणाला दिवस गेलेत, सगळं सुपरवायझरला दिसेल.”

“साहेबांना काय सांगू?”

“माझं नाव सांगा. क्रम बदलायला मला चाकणपर्यंतचा वेळ पुरे.”

“उभ्यानं?”

दुर्गाबाई उठल्या.

“बस हितं, पोरी. माझी सून बी महाळुंग्याला कंपनीत हाय.”

विजयश्रीनं बसून लॅपटॉप उघडला.

“सर, तुमचा हॉटस्पॉट चालू करा.”

“केला.”