दोन 'हो' आणि एक मोउरो

...आणि वर सगळे मलाच बोलतात, देल्मिरो, चूक तुझीच! माझी? तुम्हाला सांगतो, मी नावं ठेवत नाही हं कुणाच्या भाषेला, पण डॅनिशमध्ये 'हो' दोन आहेत. दोन! आपल्या गालिसियनमध्ये, स्पेनच्या या कोपऱ्यात, धड एक नाही. म्हणजे आहे, पण वापरतो कोण? 'येतोस का?' 'येतो.' 'जेवलास का?' 'जेवलो.' विषय संपला. तिकडे साधा 'हो' म्हणजे 'या', आणि समोरच्यानं 'अमुक नाही ना?' असं विचारलं, की त्याला उलटवायचा 'हो' म्हणजे 'यो'. आता कांबादोसच्या शिंपलेवाल्याला हे कळावं कसं?

झालं काय, माझी मुलगी अंतीआ तिकडे डेन्मार्कात, ऑर्हुसला. नवरा डॅनिश, आस्गर, भला माणूस, बोलतच नाही. त्यांची लिव, पाच वर्षांची. चार वर्षांची होईतो फोनवर माझ्याशी आपल्या भाषेत अशी चिवचिवायची म्हणता! मग बालवाडी सुरू झाली आणि चिमणी बंद. आई विचारणार गालिसियनमध्ये, पोरगी उत्तर देणार डॅनिशमध्ये. मागच्या नाताळात तिनं फोनवर मला बारीक आवाजात काहीतरी विचारलं. मला त्यातलं एकच कळलं, मोउरो. मोउरो म्हणजे माझा कुत्रा, वय चौदा, एक डोळा गेलेला. वाटलं, ख्यालीखुशाली विचारतेय. जावयानं मला दोन शब्द शिकवले होते, एक 'आभार' आणि दुसरा 'यो', जो मी साधा 'हो' समजलो. मी आपलं प्रेमानं म्हटलं, यो, यो, यो!

पोरीनं विचारलं होतं, 'मोउरो मेला नाही ना?'

आणि मी म्हणालो, मेला, मेला, मेला.

रात्रभर रडली हो. दुसऱ्या दिवशी मी मोउरोला फोनच्या पडद्यासमोर बसवला, तर आईला म्हणते, हा दुसराय, आजोबांनी नवा आणलाय. अंतीआनं समजावलं, आस्गर चक्क चार वाक्यं बोलला... नाही. मोठी माणसं असंच सांगतात म्हणे! माझ्या फोनला यायचीच बंद झाली. मग मी ठरवलं, ज्या भाषेत मारलाय त्याच भाषेत जिवंत करायचा.

आठ महिने शिकलो, आठ महिने! मी नावं ठेवत नाही, पण लिहितात दहा अक्षरं, बोलतात चार, उरलेली गिळतात, आणि गिळताना मध्येच उचकी दिल्यासारखा आवाज थांबवतात. मी समुद्रातल्या तराफ्यावर शिंपले वाढवायचे दोर ओढता ओढता सराव करत होतो, तर एव्हारिस्तोनं, माझ्या जोडीदारानं, घशात काहीतरी अडकलं समजून पाठीत असा गुद्दा घातला की मी पाण्यात जायचा राहिलो. पण खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली होती! मी आहे, तू आहे, आम्ही आहे, सगळ्यांना एकच 'आहे'. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद, जसं काही प्रत्येकाला वेगळं ताट. म्हटलं, ही तर सोपी भाषा! तेवढ्यात आकडे आले. पन्नास म्हणजे अडीच विसा. सत्तर म्हणजे साडेतीन विसा. आणि त्यातही 'विसा' बोलतच नाहीत, तो तुम्ही समजून घ्यायचा. मी एकाहत्तरचा, म्हणजे एक आणि साडेतीन! हे वय झालं की उखाणा? आणि लाडाचं काय? आपण कशालाही 'इन्यो'चं शेपूट लावलं की ते लाडकं होतं. त्यांच्याकडे शेपूटच नाही. 'छोटा' हा शब्द आधी सुटा ठेवायचा आणि मग मुद्द्यावर यायचं.

असो. ऑगस्टमध्ये आले सगळे, आस्गरचे वडील फ्रोदेसुद्धा. मी सान्तियागोच्या विमानतळावर नवा शर्ट घालून उभा. लिव दिसली. मी खाली वाकलो आणि आठ महिन्यांचं ते वाक्य बोललो, 'मोउरो मेला नाही, तो जिवंत आहे.' गिळायचं तिथं गिळलं, उचकी द्यायची तिथं दिली. पोरगी बघतच राहिली. मग वळून फ्रोदेंना विचारलं, हे काय म्हणाले? फ्रोदेंनी विचार केला आणि मला अगदी अदबीनं काहीतरी सांगितलं. अंतीआ हसून हसून खाली बसली. म्हणाली, 'बाबा, ते माफी मागतायत. त्यांना गालिसियन येत नाही म्हणे.'

मी सामान गाडीत टाकलं आणि सगळ्यांना घरी घेऊन आलो.

दारात मोउरो त्याच्या गोणपाटावर पडलेला. लिव लांबच थांबली. तो उठला, एक पाय ओढत गेला, हुंगलं, आणि तिच्या बुटांवर डोकं टेकून बसला. तिनं त्याचा गेलेला डोळा बघितला. फाटका कान उलटा करून तपासला. ती काहीतरी डॅनिशमध्ये म्हणायला गेली, थांबली, जमेना. आणि मग हळूच म्हणाली, 'मोउरीन्यो.'

शेपूट! शेपूट लावलं पोरीनं! आणि जो बांध फुटला... कुठे होतास, कोण म्हणालं मेलास, हे आजोबा असेच आहेत, सगळं, सगळं आपल्या भाषेत! मी द्राक्षाचे वेल बघायला घरामागे गेलो. वेलांत बघण्यासारखं काय होतं? काही नाही.

रात्री मी लाडात येऊन तिला डॅनिशमध्ये शुभरात्री म्हटलं. तर म्हणाली, 'आजोबा, तू ते बोलू नकोस. मोउरो घाबरतो.'

आता परत गेलेत सगळे. पण दर रविवारी न चुकता फोन येतो, तिचा स्वतःचा! मी नावं ठेवत नाही... तास तास बोलते, बालवाडीतलं, मैत्रिणींचं, पडलेल्या दाताचं, अस्सल आपल्या गालिसियनमध्ये. 'मोउरोला दे' म्हणते, आणि त्याच्याशी बोलते.

मी? मी फोन धरतो.