समुद्रावर घर बघायला जाताना हात खिशात ठेवा

...आणि वर मलाच विचारते, "लुबोश, तुला आनंद नाही का झाला?" आनंद! बघा माझ्याकडे, नीट बघा. समुद्रावरून लोक येतात ते कसे तांबूस, तजेलदार होऊन येतात... आणि मी? नखांत सिमेंट, केसांत हिरवा रंग, कंबर अशी धरलीय की बसलो तर उठवत नाही! हसू नकोस रे यारोमीर, बिअर ठेव खाली आणि ऐक. तुलाही बायको आहे. आज माझ्यावर आलीय, उद्या तुझ्यावर येईल.

सुरुवात कुठून झाली माहितीये? गुडघ्यातून. ब्लांकाच्या. डॉक्टर म्हणाला, "बाईंना समुद्राची हवा मानवेल." अरे, हवाच ना? मग पंधरा दिवस हॉटेलात राहावं, पोटभर हवा खावी, घरी यावं! पण नाही. बाई म्हणाली, "आपण घर घेऊ या. क्रोएशियात. समुद्राला लागून. स्वतःचं." घेऊ या म्हणे! जसं काय बाजारातून मुळ्याची जुडी आणायचीय! म्हटलं, पैसे कुठून आणायचे? तर काय म्हणाली असेल? म्हणाली, "रानातलं खोपटं विकू."

माझं खोपटं! तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळ्यांनी तिथल्या अंगणात सॉसेज भाजून खाल्लेत. मी आणि बापाने हाताने बांधलंय ते, आणि तेही दुकानात धड खिळा मिळत नव्हता त्या काळात! खिडक्या पाडलेल्या शाळेच्या, दार दवाखान्याचं, त्यावर अजून पाटी आहे, 'टकटक करू नका, नर्स बाहेर येईल.' बाप गेला तोही तिथेच. पडवीत खुर्चीवर, मशरूम साफ करता करता, सुरी हातात तशीच. आणि ते विकायचं? पण वरवर हसून म्हटलं, "ब्लांका, घाई कशाला? सगळ्या बाजूंनी विचार करू. समुद्र काय पळून जातोय का?"

आणि मध्ये घातलं जावयाला. आमचा रादिम विमा कंपनीत आहे. त्याचं काम काय, तर कुणाचं काय काय वाईट होईल याचा दिवसभर विचार करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा! म्हटलं, हाच आपला माणूस. जेवायला बोलावला. त्याने चष्मा सावरला आणि सुरू झाला, "बाबा, परदेशातलं घर म्हणजे धोक्यांची रांग हो! कायदा त्यांचा, भाषा त्यांची. एका घराला किती वारस निघतील, देवाला ठाऊक, एखादा अर्जेंटिनात बसलेला असायचा. समोर उद्या कुणी हॉटेल बांधलं, की समुद्र गेला. भाड्याने दिलंत, तर भाडेकरू गाद्या पळवणार. बंद ठेवलंत, तर उंदीर. शिवाय वणवा, भूकंप, वारा, ओल..." अहाहा, काय गोड बोलत होता पोरगा! मी त्याच्या ताटात बदकाची आख्खी तंगडी वाढली. आणि ब्लांका? सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे प्रत्यक्ष बघूनच यायला हवं." घ्या! कपाळाला हात लावला मी.

निघालो. आपण चेक माणसं समुद्रावर जाताना काय नेतो? पोहायचे कपडे नंतर, आधी तळलेले मांसाचे काप! ब्लांका पहाटेच उठून तळत बसली. डबेच्या डबे भरले. वर लोणच्याच्या काकड्या, पाव, आणि बटाटे... बटाटे, अहो! जसा काय तिकडे दुष्काळ पडलाय. आणि डिकीत माझी हत्यारपेटी. ती मी मुद्दाम घेतली नव्हती हं, ती कायमच तिथे असते. निघताना रादिमने खिडकीतून डोकं आत घालून बजावलं, "बाबा, घर बघताना दोष शोधा, मोठ्याने बोलून दाखवा आणि कशालाही हात लावू नका. हात खिशात!" म्हटलं, तू काळजीच करू नकोस.

गाडीसकट बोटीने बेटावर पोचलो. घराची मालकीण तोन्का आजी. ऐंशीच्या पुढची, काळा झगा, कंबरेवर हात. तिची भाषा आणि आपली चुलत बहिणी बहिणी, त्यामुळे बऱ्यापैकी समजतं. म्हणाली, "बघ पोरा. माझ्याच्याने आता निभत नाही. विकते आणि शहरात लेकीकडे जाते." आणि घर काय होतं म्हणता! खिडक्यांच्या झडपा एका बिजागरीवर लटकलेल्या, दार लागत नाही, नळ सुकलेला, जिन्याचा कठडा हलतोय... मी तर हरखूनच गेलो! प्रत्येक खोलीत जायचो आणि ओरडायचो, "अरेरे! ब्लांका, हे बघितलंस? चच्च!" आणि मनात माझं खोपटं वाचत चाललेलं. मग कळलं, घर तोन्का आजीचं, पण अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं आहे ते तिच्या भावाचं! वडिलांनीच तशी वाटणी केलेली. भाऊ फ्राने शेजारीच राहतो, बहिणीशी कित्येक वर्षं बोलत नाही, आणि टाक्याच्या झाकणाला त्याने हे एवढं कुलूप घातलेलं! रादिमला फोन केला तर तो आनंदाने किंचाळला, "घर आहे आणि पाणी नाही? बाबा, परत या!"

आलोही असतो! पण वारा सुटला. तिकडचा तो डोंगरावरून येणारा वारा, सुटला की बोट बंद. बसा तिथेच. दुपारी जेवून आख्खं गाव झोपलं. आजी झोपली, ब्लांका झोपली. मी जागा. आणि ती झडप... टक. टक... टक. आता तुम्हीच सांगा! चेक माणूस आहे, डिकीत हत्यारपेटी आहे, डोक्यावर सैल बिजागरी आपटतेय. झोप येईल? मी हात खिशात घातले. देवाशपथ घातले! खिशात स्क्रू निघाला. म्हटलं, एवढी एक बसवतो, आवाज तरी थांबेल. ती बसवली तर शेजारची वाकडी दिसायला लागली. ती केली तर दार. दार केलं तर कठडा. वारा थांबेना आणि माझा हात थांबेना! तिसऱ्या दिवशी मी टाक्यातलं पाणी नळाला चढवणारा पंप खोलून बसलो होतो.

तेवढ्यात भिंतीवरून एक टोपी वर आली. फ्राने. "तो वायसर उलटा बसवतोयस." मी म्हटलं, "सुलटाच आहे." "उलटा आहे!" "मग येऊन दाखव!" आला की हो! टाक्याचं कुलूप स्वतः उघडलं, माझ्या हातातून पाना ओढून घेतला, आणि तेवढ्यात तोन्का आजी बाहेर आली. "याला कशाला हात लावू दिलास? हा लहानपणापासून सगळं मोडतो!" "मी मोडतो? बाबांची होडी कोणी बुडवली?" असे भांडले, असे भांडले, की गाव खिडक्यांत जमा झालं! आणि मग नळाला पाणी आलं. आजीने नळाखाली हात धरला, फ्रानेने नाक शिंकरलं. संध्याकाळी आम्ही चौघं एका टेबलाशी बसून ब्लांकाचे काप खात होतो, आणि फ्राने मला विचारत होता की काकड्या आहेत का अजून.

सकाळी वारा पडला. आजी म्हणाली, "पोरा, मी घर विकत का होते? दार लागत नव्हतं, पाणी येत नव्हतं, भाऊ बोलत नव्हता. आता दार लागतं, पाणी येतं, आणि हा तर रात्रीपासून बोलायचा थांबत नाही. मग मी विकू कशाला?"

खरं सांगतो, मला नाचावंसं वाटलं! वाचलं माझं खोपटं! चेहरा पाडून ब्लांकाला सांगायला गेलो. ती धक्क्यावर बसली होती, दुखरा गुडघा पाण्याकडे करून. मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "शाळेत बाईंनी विचारलं होतं, समुद्र कोणी पाहिलाय? एकाचाही हात वर गेला नाही. आई दर वर्षी समुद्रावर जायला, देशाबाहेर पडायच्या परवानगीसाठी सरकारकडे अर्ज करायची, दर वर्षी नकार यायचा. ती न बघताच गेली. लुबोश, तुझं रान आहे. मीही इतकी वर्षं तुझ्या रानात मशरूम निवडतेय आणि कधी कुरकुर केली नाही. पण माझं काय आहे रे?"

समुद्र काय पळून जातोय का... अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. काय वाटलं म्हणून सांगू, स्वतःच्याच एक थोबाडीत द्यावीशी वाटली. उठलो, तडक आजीकडे गेलो आणि माझ्या याच तोंडाने बोलून बसलो, "आजी, वरची खोली रिकामी आहे ना? दर उन्हाळ्यात आम्ही येऊ. भाडं नको घेऊस, मोडेल ते मी नीट करीन." आजीने माझा हात असा काही धरला, की सोडवता येईना. ब्लांका तिथेच रडायला लागली, आणि फोनवर रादिम म्हणाला, "बाबा, याचा विमा जगातली कुठलीच कंपनी उतरवणार नाही."

त्याला आता तिसरं वर्ष. आजीचं घर झालं, मग फ्रानेचं छप्पर, मग फ्रानेची होडी, मग पाद्रीबुवांची घंटा. मी बोटीतून उतरतो तेव्हा धक्क्यावर बायका मोडक्या खुर्च्या घेऊन उभ्या असतात! आणि ब्लांका? मासोळीसारखी पोहते. गुडघा कुठला दुखतोय आता! ओलं डोकं पुसत शिडीखाली येऊन उभी राहते आणि विचारते, "लुबोश, तुला आनंद नाही का झाला?"

आता परवा आलो, आणि आधी खोपट्यावर गेलो. जीव तिथेच ना माझा. दार उघडतो तर काय... छप्पर गळतंय! नेमकं बापाच्या खुर्चीवर! धावत घरी आलो, म्हटलं, ब्लांका, उद्याच्या उद्या छप्पर दुरुस्तीला घ्यायला हवं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी. कढईत काप. म्हणाली, "आजीचा फोन होता. ऑलिव्ह काढायला बोलावलंय, आणि तिचा घाणा अडकलाय म्हणे." मी म्हटलं, "अगं, पण माझं छप्पर!"

तर काप उलटता उलटता म्हणते कशी, "लुबोश, छप्पर काय पळून जातंय का?"

...उद्या पहाटे निघतोय. यारोमीर, ही घे खोपट्याची किल्ली... तुझ्याकडे शिडी आहे ना रे?