दुरुस्तीच्या वेळचं लग्न

—बस वं पुष्पांजली, उभी काऊन? त्या वायरच्या भेंडोळ्यावर नको, खुर्चीवर बस. तू कायले आली मले माहीत हाये, पन आधी माहं ऐक. इंद्रभानचं केबल म्हनजे पडदा काळा होत नाई — खांबावरची जुनी वायर काढून नवी फायबर टाकू दे, वरून कंपनीचं सिग्नल बंद पडू दे, गावाच्या टीव्हीवर काहीतरी चालूच पाह्यजे. पडदा काळा झाला का लोकं डिशची छत्री लावून मोकळे! मंग मी काय करतो? या कॉम्प्युटरवरून आपल्याजवळचं शूटिंग लावून देतो. अन् माह्याजवळ दिवसभर पुरंल असं शूटिंग कोनाचं? तुह्याच लग्नाचं. वामनरावानं हौसच तेवढी केली — पोरीच्या लग्नात घोडा काय, फटाके काय, अन् क्यामेरे दोन!

हाव, समजते मले. तू सासरहून, मेहकरहून परत आली, कोर्टातून मोकळी झाली, अन् इथं दर आठ-पंधरा दिवसाले त्याच नवऱ्याले पुन्हा हार घालून राह्यली. गावाले पाठ झालं — मंगलाष्टकं लागली का पानठेल्यावरचा रंगराव म्हन्ते, 'आज खांबावर काम निंघालं वाट्टे.' पन एक गोष्ट मान, तिकडं तुटलं तं तुटलं, माह्या केबलवर एकदाबी तुटलं नाई ते लग्न — चुकलं, चुकलं पोरी. जीभ हाये का कातर.

दुसरं लावा म्हन्ते? हाये ना, सोनाळ्याच्या कुस्त्या हायेत, गनपतीची मिरवनूक हाये — हाव, आताच म्हटलं होतं का तुह्या लग्नाबिगर दुसरं नाई म्हनून. पन काम चालू असताना कोन शोधत बसते? काम? काम तं दिवाळीलेच सरलं, फायबर शेवटच्या घरापावतर गेली...

अशी पाहू नको. सिग्नल मीच बंद केलं, सकाळी.

थांब, उठू नको, टीव्हीवर पंगत आली. ते पाह्य — हिरवं लुगडं, बुंदीचं ताट — माही घरवाली, चांगुणा. तुह्या लग्नात वाढाले लागली होती. क्यामेरेवाल्याले कशी म्हन्ते, 'सरक बापा, पंगत खोळंबली.' त्याच उन्हाळ्यात गेली. फोटो हायेत, पन फोटो कोनाले सरक म्हन्ते? घरी लावून पाह्यलं म्या. घरी एकटा पाह्यतो तं मेलेलीच दिसते. अन् गावाच्या टीव्हीवर आली का शेजारच्या आशाबाईचा फोन येते — 'भाऊजी, चांगुणा दिसली बरं आता, बुंदी वाढून राह्यली.' जशी इथंच, शेजारी कोनाच्या लग्नात दिसली. मी म्हन्तो, हाव काय? अन् मले जेवन जाते त्या दिवशी.

तुले घास जात नसंन, हे नाई सुचलं. खरं सांगतो, सुचलं होतं. मांजराचा खेळ होते अन् उंदराचा जीव जाते — गावातलीच पोरगी, मले काकाजी म्हन्नारी, अन् म्या हे केलं.

हे बटन. तूच दाब, माह्याच्यानं होनार नाई. काळा होईन पडदा, होऊ दे. दम, एवढी रांग सरू दे — आता मान वळवते पाह्य — हासली!

फोन वाजून राह्यला. आशाबाई असंन. राहू दे, उचलू नको.

दाब.