आयडी रवीचा

हॅलो? … हा सुजयचा फोन हाय. मी त्याची बायको, मनाली. … कंपनीतून? बरं झालं बाई, तुमच्याच फोनची वाट बघत होतो.

… ऑर्डर? ताई, ऑर्डर कुठली आता. तो पडलाय. गडबच्या अलीकडं, हायवेला. ट्रेलरनं कट मारला. पेणला दवाखान्यात आणलाय. … हो, जेवण सांडलं सगळं. … अहो, गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा ना. मला माणसाचं विचारा.

… उजवा हात. मनगटाचा चुरा झालाय. आज संध्याकाळच्या आत मुंबईला नेऊन ऑपरेशन नाय केलं तर बोटं वळणार नायत, असं बोलतात डॉक्टर. … व्हय, तुमच्या विम्यातूनच करायचं हाय. त्यासाठीच तर…

… नाव? सुजय. … नाय नाय, रवी माझा भाऊ. तुमच्या ॲपवरचा आयडी त्याचा हाय. … अहो ऐका तरी. सुजय हमरापूरला गणपतींच्या मूर्तींचे डोळे रंगवतो. याच हातानं. सीझनला दोन महिने कारखान्यातून उठायला मिळत नाय. गाडी काढली नाय म्हणून तुम्हीच त्याचा आयडी बंद केलात. मग रवीनं आपला दिला. घरातल्या घरात… थांबा हां. रवी, हातानं काय खुणावतोस? खरं तेच सांगतेय ना मी.

… हो, रवी इथंच उभा हाय. … त्याला कशाला काय होईल? धडधाकट हाय.

… म्हणजे?

… विमा रवीचा, आणि रवीला लागलं नाय. बरोबर. पण ताई, जेवण तुमचंच घेऊन चालला होता ना? टी-शर्ट पण तुमचाच. आताच नर्सनं कातरीनं कापून काढला. … फसवणूक? कोणाची? … आणि आता रवीचा पण बंद?

… नाय, ऐका, ऐका ना. मगाशी बोलले ते खोडा. मी घाबरलेय, काय पण बोलले. रवीच पडलाय, असं लिवा. … रेकॉर्ड होतंय?

ताई, बाकीचं राहू दे. एकच सांगा. रवी इथं उभा, आणि सुजय तुमच्याकडं हायच नाय. मग आज गडबला पडला तो कोण? तुमच्या कागदावर?

… कोणीच नाय.

… काय? … आणखी काय मदत पायजे?

हाय ना. तो शुद्धीवर आला की पयलं हाताचंच विचारणार. त्याला काय सांगू, तेवढं सांगा.

… हॅलो? … ताई? … हॅलो?