पिवळ्या तेलखडूची खूण

सासू : पडदा सोड आधी. वरच बघतोय मेला.

सून : बघू दे. अर्धा तास झाला, मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नाही.

सासू : कोणाचा माणूस?

सून : आमच्या सुपरवायझरचा. मी चौकशीला निघते का, ते बघायला बसवलाय. अकराला कचेरीत बोलावलंय मला. आणि सुपरवायझर म्हणतात, घरीच बस, रजिस्टर काय ते बोलेल.

सासू : मग बस की. न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

सून : आई, गॅसच्या प्लँटमध्ये तपासायला मी एकटी. भरलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला साबणाचं पाणी लावायचं, फुगे आले की बाजूला काढायचा. सोमवारी तीनशे सिलिंडर मला न दाखवताच गाड्यांत चढवले. वॉशर जुने. रजिस्टरमध्ये माझी सही त्यांनीच ठोकली. परवा त्यातला एक भडकला. दोन माणसं भाजली.

सासू : म्हणून आता आपण भाजून घ्यायचं?

सून : काल सुपरवायझर काय म्हणाले माहितीये? अगदी गोड आवाजात. “मुलगी कितवीत आहे? शाळा किती वाजता सुटते?”

सासू : अगं देवा! आणि हे मला आत्ता सांगतेस?

सून : सकाळी चर्चच्या पाळकबाईंकडे नेऊन सोडलंय तिला.

सासू : बस खाली. एवढी प्रार्थना करतेस, भीती नाही जात?

सून : नाही जात. मी प्रार्थनेला बसले की तीही शेजारी येऊन बसते.

सासू : मग उपयोग काय?

सून : क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूलाही घाम फुटला होता. हा दुःखाचा प्याला नको, असंच म्हणाला होता की तो. मग उठला.

सासू : तो प्रभू होता. तू माझी सून आहेस. आणि तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? सही तर तुझीच दिसतेय.

सून : खूण आहे माझी. पोरीचा पिवळा तेलखडू असतो खिशात. तपासलेल्या सिलिंडरच्या मानेवर, कड्याच्या आतल्या बाजूला, बारीकसा क्रूस काढते. ज्या घरी जाईल त्या घरासाठी दोन शब्द बोलते. सहा वर्षं झाली, कोणाला पत्ता नाही. त्या तीनशेंवर क्रूस नसणार.

सासू : सहा वर्षं लोकांच्या सिलिंडरांसाठी प्रार्थना! आणि मी समजत होते, थकून येतेस. थांब, चहा टाकते. नवा सिलिंडर जोडलाय मघाशीच, तेव्हा...

सून : नवा? कधी आला?

सासू : काल. तू कामावर होतीस.

सून : काडी खाली ठेवा. ठेवा आई! सरका.

सासू : काय गं? दिसतोय का क्रूस?

सून : नाही. भांड्यांचा साबण द्या, पाण्यात कालवून.

सासू : हे घे. लाव. अगं... हे फुगेच ना?

सून : रेग्युलेटर काढला. टोपी बसवली. खिडकी उघडा.

सासू : तो बघेल.

सून : आई, खिडकी.

सासू : उघडली. बघ रे बाबा, पोटभर बघ!

सून : रडताय?

सासू : रडत नाही. काल गाडीवाल्याने दोन आणले होते. एक आपला. दुसरा वरच्या बाळंतिणीचा.

सून : जोडला असेल तिने?

सासू : रिकामा परत घेऊन गेला तिचा, म्हणजे जोडलाच असणार. दहाला पाणी तापवते ती, बाळाच्या अंघोळीचं.

सून : आत्ता किती वाजलेत?

सासू : दहाला सात कमी.

(खाली मोटरसायकल स्टँडला लावल्याचा आवाज. मग जिन्यात बूट.)

सून : तुम्ही आतून कडी लावून घ्या. मी जाते.

सासू : एकटी? चप्पल कुठेय माझी? आधी वर जाऊ, मग तिथूनच कचेरीत. दोघी.

सून : तो जिन्यात आहे, आई.

सासू : कळतंय मला. भीती तर वाटतेच आहे.

सून : मलाही.

सासू : मग चल. दार मी उघडते.

सून : आई, वर गेल्यावर बेल दाबू नका, ठिणगी पडते. हळूच कडी वाजवा.