शुक्रवारचा कापूस

जयसिंग : दोन ओळी, सर. दोनच. 'मुलांची वही ही शास्त्रीय मोजणी नाही. ती ग्राह्य धरू नये.' खाली तुमची सही. लगेच उठतो आमी.

शरच्चंद्र सर : आधी नीट टेकून बस. नगरसेवक झालास तरी खुर्चीच्या काठावरच बसतोस, उत्तर येत नसल्यासारखा.

जयसिंग : येतंय म्हणून तर आलोय. पर टाइम न्हाई. साडेपाचला ही फाइल समितीच्या अध्यक्षांकडं पोचली पायजे. सोमवारी सभा हाय. आन ही पिशवी धरा, आईनं ओला हरभरा दिलाय. दोन पाण्यानं धुऊन घ्या म्हणली, लई धूळ बसतीया त्याच्यावर.

शरच्चंद्र सर : सोजरबाईंना सांग, पोचला. अनुया, तू का गप्प? वर्गात तर प्रश्न पुरा व्हायच्या आत तुझा हात वर असायचा.

अनुया : मी समितीची शास्त्रज्ञ म्हणून आलेय, सर. हवेचा अहवाल माझा आहे. खडी-सिमेंट कालवणारे प्लांट शाळेपासून किती लांब असावेत, ते सोमवारी ठरायचंय. पाचशे मीटर की दोनशे.

जयसिंग : दोनशे.

अनुया : अजून ठरलेलं नाही.

जयसिंग : मॅडम, ठरलेलं असतं. सभेत नुसते हात वर करायचे असतात.

शरच्चंद्र सर : आणि आपल्या शाळेमागचा प्लांट किती मीटरवर आहे?

जयसिंग : दोनशे वीस.

शरच्चंद्र सर : वा. काठावर पास.

जयसिंग : हसू नका, सर. हे पत्रक बघा. पलीकडच्या पार्टीनं गल्लोगल्ली वाटलंय. तुमच्या पोरांच्या वहीचा फोटो, आन वर मोठ्या अक्षरात, 'शाळेच्या हवेत चाळीस पट विष! मुलांनीच केले सिद्ध!' दूध आणाया गेलो तरी लोकं अडवत्यात मला.

शरच्चंद्र सर : चाळीस कुठून आले, ठाऊक आहे? वही चाळीस पानी आहे.

जयसिंग : आं?

शरच्चंद्र सर : विज्ञान प्रदर्शनात एका गृहस्थांनी घाईघाईत विचारलं, किती आहे? पोरं म्हणाली, चाळीस पानं. त्यांनी पानं गाळली आणि चाळीस छापलं. मी त्यांना पत्र लिहिलं, ही त्याची प्रत. 'मुलांनी विष मोजलेलं नाही. तुम्ही छापलंत ते खोटं आहे.' उत्तर आलं नाही.

अनुया : तुम्ही त्यांनाही लिहिलंत?

शरच्चंद्र सर : खोटं कुणाच्या सोयीचं आहे ते बघून खोडायचं असतं का, बाळ? आण रे कागद. 'मुलांची वही ही शास्त्रीय मोजणी नाही.' झालं?

जयसिंग : झालं की! मला वाटलेलं, तासभर शाळा घ्याल माझी.

शरच्चंद्र सर : खऱ्याला कशाला तासभर? कापसाला काही आकडे येत नाहीत. पण 'ग्राह्य धरू नये' हे तुझं वाक्य. माझं वाक्य असं, 'हे निरीक्षण आहे. ते का दिसलं, हे मोठ्यांनी मोजून सांगावं.'

जयसिंग : ही दुसरी ओळ नगं.

शरच्चंद्र सर : मग सहीसुद्धा नको. माझी सही दुसऱ्या ओळीखाली आहे.

अनुया : सर, कापूस म्हणजे काय? मी तो फोटोच फक्त पाहिला.

शरच्चंद्र सर : अगं, सोपं आहे. निवृत्त झालो तरी विज्ञानाचा तास घ्यायला शाळेत जातो मी. तिथल्या गच्चीवर एक पांढरी फरशी ठेवली. रोज सकाळी प्रार्थनेआधी दोन मुलं ओल्या कापसानं ती पुसायची आणि तो बोळा वाळवून वहीत चिकटवायची. खाली तारीख, वार आणि पुसणाऱ्यांची नावं. शुक्रवारी कापूस निघाला की तो गुरुवारच्या धुळीचा. सोमवारचा दोन दिवसांचा, म्हणून त्याच्यापुढे मुलांनी फुली मारलीय. ते मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं.

अनुया : फरशी अजून आहे?

शरच्चंद्र सर : पत्रक निघालं आणि मुख्याध्यापक घाबरले. फरशी उचलली, वही माझ्याकडे पाठवली. परवा मुलं विचारत होती, सर, आपलं चुकलं का? मी म्हटलं, विचारून सांगतो. ही घे वही. उघड कुठलंही पान.

(अनुया पानं उलटत जाते. करडा, करडा, जवळजवळ काळा, करडा. मग एक पांढरा. पुन्हा करडे, पुन्हा एक पांढरा. तिसऱ्या पांढऱ्यापाशी तिचं बोट थांबतं आणि वही मिटावी की काय, असं तिला वाटून जातं.)

शरच्चंद्र सर : पांढऱ्यांखाली वार काय लिहिलाय?

अनुया : शुक्रवार. सगळीकडे शुक्रवार.

शरच्चंद्र सर : पूर्वी नावाची एक मुलगी आहे सातवीत. तिनं विचारलं, सर, गुरुवारी धूळ उपास करते का? सगळा वर्ग हसला. मी नाही हसलो. आता तुझा अहवाल काढ. मोजणीच्या तारखा वाच.

जयसिंग : तारखा कशाला? आकडा बघा ना. मर्यादा शंभर, सरासरी अठ्ठ्याहत्तर. मशीनचा आकडा हाय.

शरच्चंद्र सर : मशीनवर माझा पूर्ण विश्वास आहे. वाच, अनुया.

अनुया : पाच फेब्रुवारी. बारा फेब्रुवारी. एकोणीस फेब्रुवारी.

शरच्चंद्र सर : भिंतीवर कॅलेंडर आहे.

अनुया : बघायला नको, सर.

शरच्चंद्र सर : अख्ख्या औद्योगिक पट्ट्याला गुरुवारची सुट्टी. कंपन्या बंद, प्लांट बंद. गुरुवारी इथलं पोर वडिलांबरोबर बाजारात दिसतं. एकोणीसला तर वर शिवजयंती. रस्त्यावर मिक्सरची एक गाडी नसेल.

जयसिंग : मशीन त्याच दिवशी मोकळं व्हतं. बाकी दिवस दुसरीकडं लावलेलं. इचारा तिला.

अनुया : पहिल्या गुरुवारी मला असंच सांगितलं. मी मानलं. दुसऱ्या गुरुवारी वाटलं, योगायोग असेल. तिसऱ्या गुरुवारी सर, मी विचारलंच नाही. कारण उत्तर माहीत होतं. अहवालात तारखा घातल्या, वार नाही घातले.

शरच्चंद्र सर : हं.

अनुया : ओरडा ना. 'हं' नका म्हणू.

शरच्चंद्र सर : वर्गातसुद्धा कधी ओरडलो नाही तुझ्यावर. चूक सापडली की तूच आधी रडायचीस.

जयसिंग : सर, तुमी पेन्शनवर बसून बोलताय. माझ्या भावकीच्या आठ गाड्या त्या प्लांटवर चालत्यात. आठ ड्रायव्हर, आठ क्लीनर. डबे देणाऱ्या बाया येगळ्याच. प्लांट हलला तर पार चाकणच्या पल्याड जाईल. त्यांना काय सांगू, पोरांचा कापूस काळा निघाला?

शरच्चंद्र सर : हे खरं आहे, जयसिंग. तू म्हणतोस त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मग हेच सभेत सांग. 'धूळ आहे, पण माणसांची पोटं आहेत, काय करायचं ते मिळून ठरवू.' प्लांटला छप्पर घालता येईल, रस्ता ओला ठेवता येईल, शाळा हलवता येईल. ठरवणं तुमचंच काम आहे. पण पोटाचं भांडण तू हवेच्या आकड्याला का भांडायला लावतोस? त्या बिचाऱ्याला एकच गोष्ट येते. आहे तेवढं सांगायची.

जयसिंग : सभेत असलं बोललं की पाच मिनिटांत पाडत्यात, सर. आकडा दाखवला की गप बसत्यात. अनुया, ऐक माझं. मार्चात तुझं कंत्राट संपतंय. नवी यादी अध्यक्षच करनार. मी तुझ्या भल्याचं सांगतोय. शाळेत असताना तू मला गणितं दाखवायचीस, ते इसरलो न्हाई मी.

अनुया : उत्तरं दाखवायचे. गणितं तू कधी बघितलीच नाहीस.

जयसिंग : मग आता मी उत्तर दाखवतो. हितं, अहवालाखाली. सही कर.

अनुया : सकाळपासून मी तेच मोजतेय. मार्चनंतर किती महिने निभतील. चारपर्यंत हिशोब लागतो, पुढे लागत नाही. सर, पेन द्या.

शरच्चंद्र सर : लाल देऊ की निळं?

अनुया : निळं. तपासायचं नाहीये, लिहायचंय.

जयसिंग : काय करतीयास? टाइप केलेला कागद हाय तो! अध्यक्षांनी वाचून पाठवलेला!

अनुया : पाच फेब्रुवारी, गुरुवार. बारा, गुरुवार. एकोणीस, गुरुवार आणि सार्वजनिक सुट्टी. 'तिन्ही दिवशी प्लांट बंद होता. चालू दिवसांची मोजणी झालेली नाही. ती झाल्याशिवाय अंतर ठरवू नये.'

जयसिंग : आन खालचं? 'दोनशे मीटर पुरेसे' हे ठेव तरी.

अनुया : त्यावर एक रेघ.

जयसिंग : एक कशाला, चांगलं गिरगटून टाक की. वाचाया तर येतंय अजून.

अनुया : वाचता आलंच पाहिजे. आठव, सरांच्या वर्गात खोडरबर चालायचा नाही. चुकलं की एकच रेघ, शेजारी बरोबर काय ते, आणि बाजूला आपलं नाव. आपण आधी काय लिहिलं होतं, तेही दिसायला हवं.

शरच्चंद्र सर : पोरं फार चिडायची त्याच्यावर.

जयसिंग : माझी वही तर रेघांनीच भरलेली असायची.

शरच्चंद्र सर : आहे माझ्या लक्षात. म्हणून तर तू मला आवडायचास. एकही चूक लपवलेली नसायची तुझ्या वहीत.

(जयसिंग पत्रक घडी करून खिशात घालतो.)

अनुया : पाच वाजले. मी रिक्षानं जाते. फाइल मीच देईन अध्यक्षांच्या हातात.

जयसिंग : रिक्षा कशाला? गाडी हाय खाली.

अनुया : फाइल माझ्या मांडीवर राहील.

जयसिंग : ऱ्हाऊ दे. खातोय का मी ती? पर सांगून ठेवतो, सोमवारी मी दोनशेच म्हननार. आठ गाड्या हायत आमच्या.

शरच्चंद्र सर : जरूर म्हण. गाड्यांसाठी म्हणतोय, एवढं मात्र सांग. आणि अनुया, मुलांना काय सांगू? चुकलं का त्यांचं?

अनुया : सांगा, फरशी परत ठेवा म्हणावं. मुख्याध्यापकांना मी लिहून देते.

शरच्चंद्र सर : जयसिंग, जाता जाता एक. रागावू नकोस. गुरुवारचं तुझ्या ध्यानात आलं होतं?

जयसिंग : मला कुठलं शास्त्र कळतंय, सर.

शरच्चंद्र सर : घर तर तुझं प्लांटच्या मागंच.

जयसिंग : हाय की. आमची आई रोज दोनदा दारातला वटा पुसती. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. गुडघे दुखत्यात म्हणती, तरी पुसती.

अनुया : आणि गुरुवारी?

जयसिंग : गुरुवारी एकदाच.