बॅटरीसकट सत्तावीस किलो

कुणाल : नाही काका, गाडीच्या टपावरचा रॅक मी तुम्हाला देणारच नाही. एकेक इलेक्ट्रिक सायकल सत्तावीस किलोची. डोक्याच्या वर उचलणार कोण?

लालासाहेब : मी. सुभेदार म्हणून रिटायर झालोय, पोरा. पाठीवर पंचवीस किलो घिऊन बर्फ तुडवलाय.

अंबूबाई : बर्फ तुडवला तवा पस्तिशीत व्हता. आता अडुसष्ट. हर्नियाचं आपरेशन हून म्हैना झाला न्हाई. पाच किलोच्या वर उचलायचं न्हाई, म्हणलाय डॉक्टर.

लालासाहेब : सांग, सगळं सांग त्येला. टाकंबी दाखवू का?

अंबूबाई : दाखवा. सकाळपास्नं तिसरं दुकान हाय, तेवढंच ऱ्हायलंय.

कुणाल : बसा मावशी, पाणी घ्या. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅकपण नको. साध्या सायकलींना ठीक आहे, ह्या वजनानं काच जाईल. आतापर्यंत कशा नेत होता?

अंबूबाई : मागली शिटं पाडायची, चाकं काढायची, आन हे एकटं उचलून आत कोंबायचे. दर शनवारी म्हसवडला. मी आपली नुसतं दार धरून उभी.

कुणाल : मग गावातच का ठेवत नाही?

अंबूबाई : ठिवल्या व्हत्या की. घराची किल्ली भावकीत. पुतण्यांनी चार दिवसात मडगार्ड मोडलं.

कुणाल : इथं शहरात, विश्रामबागेतच चालवा मग.

अंबूबाई : ह्या गर्दीत? आरं, मी एकसष्टाव्या वर्षी सायकल शिकलीय. माहेरी पोरींनी हात लावायचा न्हाई, सासरी तर इषयच न्हाई. लेकीनं, पूजानं, दोन पाठवल्या, तवा कुठं. म्हसवडच्या माळावर रस्ता मोकळा असतोय. हे म्होरं, मी मागं. तेवढा एक तास मला कुणी हाक मारत न्हाई बघ.

लालासाहेब : मी काय म्हणतो, माझी इकून टाकू. एकीपुरता रॅक घिऊ.

अंबूबाई : आन मी एकटी फिरू? तुमी वसरीत बसून वाट बघणार? मग माझीबी इका.

कुणाल : थांबा, भांडू नका. हा बघा. गाडीखाली हुक बसवायचा, त्याच्यावर हा रॅक. ही उतरती पट्टी, सायकल ढकलत वर न्यायची. उचलायचं काही नाही. फक्त तुमच्या गाडीला दोन्ही मिळून पन्नास किलोच चालतंय. तुमच्या होतात चोपन्न.

लालासाहेब : चार किलोनं काय हुतंय?

कुणाल : घाटात हुक निखळला, तर मागून येणाऱ्याच्या अंगावर जाईल, काका.

अंबूबाई : झालं. उठा. दमले मी आता. इकूनच टाका दोनी.

कुणाल : मावशी, एक मिनिट. चोपन्न बॅटरीसकट ना? बॅटरी काढली की एकीमागं साडेतीन कमी. सत्तेचाळीस. आरामात बसतात की!

अंबूबाई : बॅटरी निघती?

कुणाल : चावीनं. सायकलीबरोबर बारक्या चाव्या आल्या असतील बघा.

अंबूबाई : त्या व्हय! सायकल तर बटनावर चालू हुती. मला वाटलं, जादाच्या हायत. नवी गाडी आली की आमच्यात एक चावी देवाम्होरं ठेवत्यात. मी सगळ्याच म्हसवडला सिद्धनाथाच्या फोटोम्होरं गुलालाच्या डबीत ठिवल्या. वरीस झालं.

कुणाल : म्हणजे काका वर्षभर बॅटरीसकट उचलत होते? अहो, पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. उचलण्याआधी बॅटरी काढा.

(अंबूबाई लालासाहेबांकडे वळतात.)

अंबूबाई : आवं. पुस्तक तुमी पानन् पान वाचलं व्हतं. लाल पेनानं रेघा वढल्या व्हत्या.

लालासाहेब : व्हय.

अंबूबाई : मग बोलला का न्हाई?

लालासाहेब : चाव्या ठेवताना तू काय म्हणली व्हतीस?

अंबूबाई : काय म्हणनार? ह्यांना काय हुऊ दिऊ नगं, म्हणले.

लालासाहेब : मी दारातच व्हतो. मग त्या परत काढ, असं कुठल्या तोंडानं म्हणू? तुला झोप लागली नसती. सातच किलो तर व्हतं.

अंबूबाई : सातच किलो! त्या सात किलोपायी पोट फाडून घेतलं की, आवं! आन मी दर शनवारी त्याच डबीम्होरं हात जोडत व्हते. माझ्याच हातानं झालं हे.

लालासाहेब : रडू नगंस. दुकानात हाईस.

अंबूबाई : रडू न्हाई तर काय करू? लय वाईट वाटाय लागलंय मला. आन रागबी आलाय तुमचा.

कुणाल : मावशी... रॅक कुठला लिहू? एका सायकलीचा, का दोन्हींचा?

अंबूबाई : दोनीचा. देवाला मी सांगते आन चाव्या काढते. एक बॅटरी किती म्हणालास, बाळा?

कुणाल : साडेतीन किलो.

लालासाहेब : पाचाच्या आत हाय. मी उचलीन.

अंबूबाई : तुमी नुसतं दार धरून उभं ऱ्हायचं.